आपलंच आहे ते!

रायपुरातल्या कुठल्याही सभागृहात कार्यक्रमाला तासभर अवकाश असताना तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्यांवर चार रुमाल, पाण्याची बाटली, लहान मुलाचा स्वेटर आणि चष्म्याचं घर असा ऐवज मांडून ठेवलेला दिसला, तर समजावं की बीरगावहून आमची वहिनी येऊन पोचली आहे. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या असतात, हे ती मान्य करते. पण पाहुणे दिवा लावतात, हार घेतात, दोन शब्द म्हणून दहा मिनिटं बोलतात आणि मुख्य कलाकार तंबोरा लावायला बसला की महत्त्वाचं काम आठवून उठतात, हेही तिला ठाऊक असतं. ते उठले की वहिनी मुलांना कोपरानं ढोसते आणि आमचं सगळं बिऱ्हाड पहिल्या रांगेत सरकतं. सोफ्यावर. गायकाला समोर एकदम आजी, दोन पोरं आणि जांभई देणारे आमचे दादा दिसू लागतात.

अशा आया हल्ली प्रत्येक मोठ्या शहराच्या कडेला आहेत. डोंबिवलीहून लोकलला लटकून पोरांना काळा घोड्याला नेणारी याच जातीची, आणि पिंपरीहून सतरंजी बगलेत मारून सवाई गंधर्वला येणारीही. शहराच्या मधोमध राहणाऱ्यांना संग्रहालय म्हणजे रिक्षावाल्याला सांगायची खूण. आत काय आहे हे विचाराल तर म्हणतील, लहानपणी शाळेच्या सहलीत गेलो होतो. शहर खरं पाहतात ते कडेला राहणारे, कारण त्यांना तिथवर यायला पेट्रोल जाळावं लागतं, आणि जाळलेल्या पेट्रोलचा हिशेब चुकता करून घ्यावा लागतो.

बीरगाव ही तर कडेची कड. इकडे उरला, तिकडे सिलतरा, मध्ये आम्ही. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, फेरो अलॉय, आणि रात्री उशिरा चिमण्यांतून जे काय सुटतं ते सकाळी आमच्या गच्च्यांवर. नवी सून घरात आली की तिला आधी कपडे झटकून आत आणायला शिकवतात, मग वरण-भात. गच्चीवर घातलेली पांढरीशुभ्र कुरडई संध्याकाळी तिळाची कुरडई होऊन खाली येते. वहिनी माहेरची नागपूरची, महालातली. लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्याच रविवारी गच्चीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि दादांना विचारलं, "अहो, इथं दुसरं काही पाहण्यासारखं आहे का?" दादांनी प्रामाणिकपणे विचार करून सांगितलं, "रायपूर आहे." त्या दोन शब्दांची किंमत ते अजून मोजत आहेत.

दादा रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इंचार्ज. सहा दिवस मिलचा भोंगा त्यांच्यावर राज्य करतो, सातव्या दिवशी वहिनी. मी धाकटा दीर. माझ्या ठायी एकच गुण आहे, तो म्हणजे सात सीटची गाडी. शनिवारी रात्री फोन येतो. "भाऊजी, उद्या काय करून राहिले?" हा प्रश्न नसतो. उद्या मी काय करून राहणार, ते ठरून गेलेलं असतं.

तिचं सगळं नियोजन हिंदी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चालतं. 'आज शहर में' किंवा तशाच नावाच्या चौकटीतली कात्रणं फ्रिजवर चुंबकाखाली असतात, तारीखवार. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमावर लाल खूण, संस्कृती विभागाच्या कार्यक्रमावर निळी. संस्कृती विभागाचं तिला विशेष प्रेम, कारण तिथं प्रवेश फुकट असतो. मल्टिप्लेक्समध्ये मक्याच्या लाह्यांची एक बादली येते तेवढ्यात आमचं सगळं घर महिनाभर सुसंस्कृत होतं, असा तिचा हिशेब आहे आणि तो खोडून काढणं कठीण आहे.

निघायची वेळ चार म्हणजे चार. साडेतीनला आजी पुढच्या सीटवर बसलेल्या असतात, पर्स मांडीवर. मागे डबा: पोळीचे रोल, दडपे पोहे, आणि बाजारातलं काही मागितलं तर पोरांच्या तोंडात कोंबायला शेंगदाण्याची चिक्की. मग भनपुरी, खमतराई, फाफाडीह असे ट्रकांच्या मागून ट्रक ओलांडत आम्ही शहरात शिरतो. या वाटेवर वहिनी पोरांना कार्यक्रमाची पूर्वपीठिका सांगते. हॉर्नच्या गदारोळात सांगितल्यामुळे धाकट्याच्या डोक्यात ती थोडी मिसळून बसली आहे. विवेकानंद ट्रकनं रायपूरला आले अशी त्याची बरेच दिवस समजूत होती. नरेंद्र १८७७ साली घरच्यांबरोबर इथं आला, बुढापारात राहिला, तेव्हा रायपूरपर्यंत रेल्वेही नव्हती, बैलगाडीनं यावं लागलं, हे वहिनीनं त्याला बुढा तलावाच्या काठावर उभं करून पुन्हा सांगितलं. त्यानं तलावातल्या पुतळ्याकडे बघून विचारलं, "मग शाळा?" रायपुरात असताना नरेंद्र शाळेत जात नव्हता, घरीच वडिलांपाशी शिकत होता, हे उत्तर खरं असलं तरी गैरसोयीचं आहे हे वहिनीच्या वेळेत लक्षात आलं. ती म्हणाली, "चिक्की खा."

महंत घासीदास संग्रहालयात तिच्याबरोबर जायचं तर पायांत बळ हवं. १८७५ साली राजनांदगावच्या महंत राजानं काढलेलं हे संग्रहालय देशातल्या जुन्यांपैकी एक. सामान्य माणसाला ते पाऊण तासात आटपतं. वहिनीला नाही. ती प्रत्येक पाटी वाचते, मोठ्यानं, आणि पाटी हिंदीत असली तर चालता चालता मराठी करून. "ही बघा हं, सिरपूरहून आलेली, काशाची, बुद्धाची. आजी, दिसून राहिलं न? चष्मा लावा." तिच्या मागे हळूहळू दुसरी कुटुंबंही गोळा होतात, कारण पाट्या मोठ्यानं वाचणारं माणूस सरकारी आहे असा सगळ्यांचा समज होतो. एकदा एका गृहस्थांनी तिला बाथरूम कुठे आहे ते विचारलं. तिनं सांगितलं, आणि वाटेतल्या विष्णूकडे बघून मग जा, असंही सांगितलं. ते खरंच बघून गेले.

दादांची संग्रहालयात एक ठरलेली जागा आहे. पंख्याखालचा बाक. तिथं ते मूर्तीइतकेच स्थिर असतात. धाकट्यानं शाळेत 'रविवार कैसे बिताया' या निबंधात लिहिलं होतं की आम्ही खूप मूर्ती पाहिल्या, एकीला डोकं नव्हतं आणि एक घोरत होती.

संग्रहालयाच्याच आवारात गढ कलेवा आहे. छत्तीसगढी खाण्याची जागा, मातीच्या भिंतींची, चित्रं काढलेली. इथं मात्र वहिनीचा डबा गाडीतच राहतो. फरा, चीला, चौसेला, ठेठरी, खुरमी, सगळं मागवलं जातं आणि प्रत्येक पदार्थाला नागपूरचा नातेवाईक शोधला जातो. चीला म्हणजे आपलं धिरडंच. ठेठरी म्हणजे आपली कडबोळीच, फक्त अंगानं जरा लांब. "खुरमी तर शंकरपाळीच आहे न हो!" म्हणत ती वाढणाऱ्या बाईला विचारते, मोहन किती घालता. ती बाई हसते आणि छत्तीसगढीत सांगते. वहिनीची छत्तीसगढी कामचलाऊ आहे, पण मोहनाचं प्रमाण तिला कुठल्याही भाषेत कळतं.

यातच तिच्या स्वभावाची किल्ली आहे. पाहिलेली, ऐकलेली, खाल्लेली प्रत्येक गोष्ट ती आपल्या खात्यावर जमा करते. "आपलंच आहे ते!" हे तिचं पालुपद. तात्यापारातून गाडी जाते तेव्हा ती खिडकीची काच खाली करते आणि पोरांना सांगते की हे आपल्या लोकांचं, भोसल्यांच्या वेळेपासूनचं. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला बसून इथला कारभार पाहत होते, ते आपलेच, नागपूरकर. भोसल्यांच्या फौजांनी वाटेत काय काय केलं हा विषय निघाला की ती काच वर करते.

सप्रे शाळेवरून गेलं की माधवराव सप्रे. १९०० साली पेंड्रासारख्या आडगावातून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांत जिची गणना होते ती 'एक टोकरी भर मिट्टी' लिहिणारे, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे. घरी मराठी. म्हणजे आपलेच. एका रविवारी तिनं आम्हाला राजनांदगावला दिग्विजय कॉलेजात नेलं. गजानन माधव मुक्तिबोध इथं शिकवत होते, ज्या जुन्या वास्तूत राहिले तिथं आता स्मारक आहे, त्यांच्या कवितेत शिरलेला तो गोल जिना आहे. मुक्तिबोधांच्या घरी मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. वहिनीनं मुक्तिबोधांची एकही कविता शेवटपर्यंत वाचलेली नाही. मीही नाही. पण त्या जिन्यावर ती हळू आवाजात बोलली, आणि वहिनी हळू बोलली हे आमच्या घरात साल लक्षात ठेवायला वापरतात.

नाटककार हबीब तनवीर? ते १९२३ साली रायपुरातच जन्मले, म्हणजे आपल्या गावचे. बरं, त्यांचं 'चरणदास चोर' नाटक? त्यावर श्याम बेनेगलांनी १९७५ साली सिनेमा काढला, त्यात राजकन्या कोण होती? स्मिता पाटील! हे सांगताना वहिनीचा चेहरा असा होतो की कुणालाही वाटावं, स्मिता पाटलांना मेकअप करून हिनंच सेटवर पाठवलं. थोरली लेक दहावीत आहे. कानातल्या तारा न काढता ती म्हणते, "आई, आइन्स्टाइन पण आपला का?" वहिनी म्हणते, "त्याचं मी पाहून सांगते."

पण तीजनबाईंच्या बाबतीत तिची भक्ती निखळ आहे. तिथं ती कसलाही हक्क सांगत नाही, नुसती हात जोडते. बायकांनी पंडवानी, म्हणजे गाऊन सांगायची महाभारताची कथा, गायची तर बसून, ही रीत होती. उभ्यानं, तंबोरा हातात नाचवत गायची कापालिक शैली पुरुषांची. दुर्गजवळच्या गनियारी गावच्या या बाईनं ती उचलली, त्यापायी घर-समाज सुटला, आणि २०१९ साली पद्मविभूषण झाली. वहिनीनं तिला ऐकलं ते मुक्ताकाशी मंचावर की राज्योत्सवात, यावरून घरात वाद आहे. परिणामाबद्दल वाद नाही. त्या वेळेपासून आमच्या घरी मुलांना सकाळी पंडवानीनं उठवलं जातं. वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहते, उजव्या हातात लाटणं. तेच तंबोरा. तेच भीमाची गदा, तेच अर्जुनाचं धनुष्य, आणि पाच मिनिटांत कुणी उठलं नाही तर तेच पुन्हा लाटणं. पंडवानीत गायकाला हुंकार भरणारा, 'हव, हव' म्हणणारा एक रागी असतो. ते काम रात्रपाळीहून आलेल्या दादांकडे आहे. डोळे मिटून, उशीत तोंड खुपसून ते "हव" म्हणतात. दु:शासनाच्या छातीवर भीम बसला की पोरांचं पांघरूण जातं.

मंडळाचा गणपती, कोजागिरी, पाडव्याची मिरवणूक, यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते सगळीकडे असतं तसंच असतं, फक्त मसाला दुधात पिस्ता कमी पडला तर वहिनी समितीला लेखी कळवते. गंमत असते ती मराठी नाटक आलं की. चौबे कॉलनीत मंडळात नाटक म्हणजे घरात आठवडाभर भाषाशुद्धीची मोहीम. आमच्या पोरांची मराठी रायपुरी. "आई, मी थकून गेली, मला भूक लागून राहिली, आता घरी चाल न." वहिनी कपाळावर हात मारते. "अगं, काय बोलून राहिली तू? शुद्ध बोल जरा!" पुण्या-मुंबईची मंडळी समोर असताना ती ओठ आवळून 'मी आले, मी गेले' असं मोजून बोलते. मध्यंतरात वडा हाती आला की शुद्धता संपते आणि नागपूर आत शिरतं.

सणांच्या बाबतीत ती एकावर दुसरा फुकट घेते. पोळ्याला धाकट्यापुढे दोन बैल असतात, नागपूरच्या तान्हा पोळ्याचा लाकडी आणि इथल्या पोऱ्याचा मातीचा, चाकांचा. हरेलीला तो बांबूच्या गेडीवर चढतो आणि पडतो. छेरछेराला दारोदार धान मागायला जातो तेव्हा वहिनी पिशवी तपासून पाठवते. पण खरी चलाखी तीजेची. हरतालिका असतेच, आणि छत्तीसगढात तीजेला लेकीनं माहेरी जायचं असतं. वहिनी महाराष्ट्राचा उपवास धरते आणि छत्तीसगढची रजा घेते. आदल्या रात्री रीतीप्रमाणे कारल्याची भाजी-भात खाऊन नागपूरच्या गाडीत बसते. तेवढे चार दिवस आमचे रविवार आमचे असतात. त्या दिवसांत काय करावं ते आम्हाला सुचत नाही, हे तिला न सांगण्यावर दादांचं आणि माझं एकमत आहे.

मागच्या हिवाळ्यात ताला झालं. ही सहल तिच्या खास प्रेमाची, कारण तालाला जायला रायपुरात शिरावं लागत नाही. बिलासपूरच्या रस्त्यानं सरळ वर जायचं, म्हणजे उभ्या रायपूरला वळसा पडला तरी बीरगावकरांना सोयीचं असं हे एकमेव सांस्कृतिक स्थळ. मनियारी नदीच्या काठी दोन देवळं आहेत, दीड हजार वर्षांपूर्वीची. एकाचं नाव देवरानी, दुसऱ्याचं जेठानी. माझी बायको त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःहून तयार होऊन गाडीत बसली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पोचल्यावर कळलं. देवरानीच्या देवळाचं दार उभं आहे, त्यावरची नक्षी अशी की बोट लावायचा मोह व्हावा. जेठानीचं देऊळ ढासळलेलं. खांबांचे तुकडे, भलेमोठे दगड, अर्धे हत्ती. राखणदारानं काठीनं दाखवलं, "एहर जेठानी, ओहर देवरानी." थोरल्या जाऊबाई आणि धाकट्या जाऊबाई दोघी दोन देवळांच्या मधल्या वाटेवर उभ्या होत्या.

"ताई, तुमचं बरंच पडलंय," माझी बायको म्हणाली. वर्षानुवर्षांचं काहीतरी त्या वाक्यात नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

वहिनीनं ढिगाऱ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग राखणदाराला विचारलं, "याची दुरुस्ती काहून नाही करून राहिले?" तो म्हणाला, दीदी, हे वरून कळवावं लागेल. "मग मी कळवते," वहिनी म्हणाली, आणि जावेकडे वळली. "जेठानी आहे न, तर आधीची असणार. आधीचं आधी पडते. तुझं अजून नवीन आहे." मग तिनं सतरंजी जेठानीच्याच बाजूला अंथरली आणि डबा उघडला. माझ्या बायकोनं देवरानीच्या दारात माझ्याकडून बरेच फोटो काढून घेतले. सगळे आता आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत.

पण त्या दिवशीचा खरा कार्यक्रम वेगळाच झाला. १९८८ साली इथं एक मूर्ती निघाली, तिला रुद्रशिव म्हणतात. कुलूपबंद जाळीच्या आड उभी असते. माणसापेक्षा कितीतरी उंच, रुंद, आणि सगळी प्राण्यांनी घडवलेली. नाकाच्या जागी पाल, कानांच्या जागी मोर, मिश्यांचे मासे, हनुवटीचा खेकडा, पोटावर, मांड्यांवर माणसांची तोंडं. असा देव दुसरीकडे कुठे नाही. वहिनीनं सवयीनं सुरुवात केली, "हे बघा हं, नाकावर..." आजी मध्येच म्हणाल्या, "पाल? आणि मी आयुष्यभर पाल दिसली की झाडू शोधते!" थोरलीनं कानातल्या तारा काढल्या. धाकटा तोंडं मोजू लागला, चुकला, पुन्हा मोजू लागला.

आणि दादा गाडीतून उतरून आले. झोपमोड झाल्यासारखे नाही, शिफ्टवर जावं तसे. जाळीला लागून उभे राहिले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. राखणदाराला विचारलं, "वजन किती?" तो म्हणाला, पाच टन सांगतात. "पाच टन?" दादांचे डोळे मोठे झाले. "आणि उचललं कशानं?" कधी उचललं, तो म्हणाला, आता की तेव्हा? "दोन्ही!"

मग दादा थांबलेच नाहीत. दगड कुठला, खाणीतून आणला कसा, उभा केल्यावर तोल कुठे धरला, छिन्नीला पाणी कोण देत होतं, लोखंड कुठलं वापरत होते. जमिनीवर काटकीनं आकृती काढून राखणदाराला चेन-पुली समजावू लागले. राखणदार खाली उकिडवा बसला. त्याचा मेहुणा सिलतऱ्याला क्रेनवर होता, त्यामुळे गोष्ट रंगली. पोरं दोघांच्या मधे बसली. वहिनी पाटी वाचायची राहिली म्हणून एकटीच पाटीसमोर उभी होती, आणि पहिल्यांदाच तिच्या मागे कुणी नव्हतं.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "चाला न आता. अंधार होऊन राहिला."

"पाच मिनिटं," दादा म्हणाले.

गाडीत बसल्यावर पाच-दहा किलोमीटर कुणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून दादांचा आवाज आला. सिरपूरचं ते लक्ष्मण मंदिर विटांचं आहे म्हणतात, सातव्या शतकातलं. दगडाचं एक समजू शकतो, पण इतक्या वर्षांत वीट झिजत नाही म्हणजे भट्टीत काहीतरी असणार. किती तापवत असतील?

वहिनीनं पुढे झुकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊजी, टाकीत डिझेल किती आहे?"